जनमत-चाचणी आणि ‘इतर’ या सदरांतील उमेदवार

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर आंकड्यांचे तक्ते झळकूं लागतात. अमुक आघाडीस इतक्या जागा, तमुक युतीस तितक्या, आणि सर्वांत खालीं एका ओळींत ‘इतर’. वरच्या दोन आंकड्यांवर रात्र रात्र वाद चालतो. खालच्या ओळीकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस या खालच्या ओळीचाच विचार करावयाचा आहे. मतदानापूर्वीं जें जनमत अजमावलें जातें, त्यांत लहान पक्षांच्या व अपक्ष उमेदवारांचीं नांवें विचारावीं कीं न विचारावीं, हा तो प्रश्न होय. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी थोड्याच वर्षांत वयाचीं अठरा वर्षें पूर्ण करून मतदार होतील. तेव्हां हा विषय त्यांस परका नाहीं.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. मतदानापूर्वीं थोड्या निवडक लोकांस ‘तुम्ही कोणास मत देणार?’ असें विचारून सर्वांचा कल ताडणें, यास जनमत-चाचणी म्हणतात. मत देऊन बाहेर पडलेल्यांस विचारलें तर ती मतदानोत्तर चाचणी. शितावरून भाताची परीक्षा, या आपल्या जुन्या म्हणीवरच ही विद्या उभी आहे. मात्र शीत भांड्याच्या एकाच कडेचें उचललेलें नसावें, ही त्यांतील पहिली अट. आपल्या देशांत १९५० च्या दशकांत एरिक द कोस्टा यांनीं या कामाचा पाया घातला. पुढें रजनी कोठारी यांनीं १९६३ सालीं दिल्लीस स्थापिलेल्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’ या संस्थेनें १९६७ पासून देशभर मतदारांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. नवा आहे तो तिचा बाजार.

आतां आपल्याच उपनगरांतील एक उदाहरण घेऊं. अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम, वर्सोवा, जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी व गोरेगांव हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून मुंबई उत्तर-पश्चिम हा लोकसभेचा मतदारसंघ होतो. २० मे २०२४ रोजीं येथें मतदान झालें व ४ जून रोजीं मोजणी झाली. शिवसेनेचे श्री. रवींद्र वायकर यांस ४,५२,६४४ मतें पडलीं. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या पक्षाचे श्री. अमोल कीर्तिकर यांस ४,५२,५९६. अंतर अवघें ४८ मतांचें! शाळेच्या एका वर्गांत जितकीं मुलें बसतात, तितक्या मतांनीं खासदार ठरला. त्याच निवडणुकींत तिसऱ्या क्रमांकावरील वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारास दहा हजारांवर मतें होतीं, आणि ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ हें बटण दाबणारे पंधरा हजारांवर होते.

या आंकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, नऊ लाखांहून अधिक मतांमधील ४८ मतांचा फरक कोणत्याहि चाचणीस आधीं दिसणें शक्य नव्हतें. एक हजार लोकांस विचारून काढलेल्या आंकड्यांत दोन्ही बाजूंस सुमारें तीन टक्क्यांची चूक संभवते, असें गणित सांगतें. नऊ लाखांचे तीन टक्के म्हणजे सत्तावीस हजार! तेव्हां ‘कोण जिंकणार’ याचें उत्तर अशा ठिकाणीं चाचणी देऊंच शकत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, ज्यांस तक्त्यांत नांव मिळत नाहीं, त्यांच्या पदरांत पडलेलीं मतें जय-पराजयाच्या अंतराहून शेंकडों पटींनीं अधिक होतीं. मग चाचणीचें खरें काम कोणतें? जिंकणाराचें भविष्य वर्तविणें कीं लोकांच्या मनांत काय आहे तें दाखविणें? आमच्या मतें दुसरें. आणि लोकांचें मन दाखवावयाचें, तर तें सबंध दाखविलें पाहिजे.

तिसऱ्या उमेदवाराचीं मतें केवळ बाजूस पडून राहत नाहींत. तीं पहिल्या दोघांचें भाग्य ठरवितात. आपल्याकडे ज्यास सर्वांत अधिक मतें, तो विजयी. निम्म्याहून अधिक मतांची अट नाहीं. समजा, शंभरांपैकीं चाळीस मतें एका पक्षास पडलीं व साठ विरुद्ध गेलीं. हीं साठ एकत्र राहिलीं तर तो पक्ष हरतो. तीं तीस-तीस अशीं विभागलीं तर तोच पक्ष सुखानें जिंकतो. डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी व प्रणय रॉय या अभ्यासकांनीं १९८० च्या दशकांत याच गोष्टीचें एक माप तयार केलें व त्यास विरोधी एकजुटीचा निर्देशांक असें नांव दिलें. म्हणजे भारतीय निवडणुकांचें भाकीत करणाऱ्यांनींच मतविभागणीस गणिताच्या केंद्रस्थानीं बसविलें होतें. त्याच विद्येचे आजचे उपासक मत विभागणाऱ्याचें नांवच विचारीत नसतील, तर तें त्यांच्या शास्त्रासहि धरून नाहीं.

‘इतर’ या सदरांत कोण लपलेला असूं शकतो, हें पाहण्यास महाराष्ट्रांतीलच दोन निकाल पुरेसे आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत सांगलीची जागा महाविकास आघाडीनें शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षास दिली व पैलवान चंद्रहार पाटील यांस उमेदवारी मिळाली. काँग्रेसचे श्री. विशाल पाटील अपक्ष म्हणून उभे राहिले. निकाल लागला तेव्हां अपक्षास ५,७१,६६६ मतें होतीं. त्यांनीं भारतीय जनता पक्षाचे विद्यमान खासदार श्री. संजय पाटील यांस सुमारें एक लाख मतांनीं हरविलें होतें, आणि आघाडीचे अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास राहिले होते. ज्या तक्त्यांत केवळ महायुती, महाविकास आघाडी व इतर अशीं तीन घरें असतील, त्यांत विजयी उमेदवार तिसऱ्या घरांतला! दुसरा निकाल २०१९ सालच्या औरंगाबादचा. तेथें ए. आय. एम. आय. एम. या पक्षाचे श्री. इम्तियाज जलील ४,४९२ मतांनीं विजयी झाले, आणि श्री. हर्षवर्धन जाधव या अपक्ष उमेदवारास २,८३,७९८ मतें पडलीं. त्या वर्षीं राज्यांत मुख्य सामना भाजप-शिवसेना युती व काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी यांचा मानला जात होता. या मतदारसंघांत मात्र लाखों मतदारांनीं त्या दोहोंच्या बाहेर पाहिलें.

कोणी म्हणेल, हीं अलीकडचीं बंडखोरीचीं उदाहरणें झालीं. तसें नाहीं, अपक्षांची परंपरा आपल्या लोकशाहीइतकीच जुनी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवारासाठीं स्वतंत्र मतपेटी ठेवीत व तीवर त्याचें चिन्ह लावीत. पंडित नेहरूंच्या पक्षाच्या उमेदवाराची पेटी व एखाद्या अनोळखी अपक्षाची पेटी शेजारीं शेजारीं असे. त्या निवडणुकींत ३७ अपक्ष लोकसभेवर निवडून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या वेळीं मुंबईंतून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या लहान पक्षाच्या वतीनें उभे होते व पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुदा-समितीचे अध्यक्षहि ज्या रांगेंत उभे राहिले, ती लहान पक्षांची रांग हीन खासच नव्हे.

पुढें १९६२ सालीं उत्तर मुंबईंत संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या विरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. एके काळीं काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आचार्य आतां अपक्ष होते व अनेक विरोधी पक्षांचा त्यांस पाठिंबा होता. ही लढत देशभर गाजली. मेनन मोठ्या अंतरानें जिंकले. पांच वर्षांनीं चक्र फिरलें. १९६७ सालीं काँग्रेसनें मेनन यांस उमेदवारी नाकारली व ईशान्य मुंबईंत माजी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांस उभें केलें. मेनन अपक्ष म्हणून लढले व सुमारें तेरा हजार मतांनीं हरले. बर्वे यांचें त्याच वर्षीं निधन झाल्यामुळें पोटनिवडणूक झाली. तींतहि मेनन अपक्ष म्हणून उभे राहिले व बर्वे यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांजकडून पराभूत झाले. मात्र १९६९ सालीं मिदनापूर व १९७१ सालीं त्रिवेंद्रम येथून अपक्ष म्हणूनच ते लोकसभेवर गेले. एकच मनुष्य १९६२ सालीं ‘प्रमुख पक्षाचा उमेदवार’ आणि १९६७ सालीं ‘इतर’! मनुष्य तोच, योग्यता-अयोग्यता तीच; बदललें तें सदर. यावरून सदर हें उमेदवाराच्या वजनाचें माप नव्हे, हें उघड होतें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणेंहि न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. पहिला आक्षेप संख्येचा. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकींत २८८ जागांसाठीं ४,१३६ उमेदवार होते. त्यांपैकीं २,०८६ अपक्ष; निवडून आले ते केवळ दोन, एक जुन्नरांत व एक चंदगडांत. तामिळनाडूंतील मोडाकुरिची मतदारसंघांत १९९६ सालीं तर १,०३३ उमेदवार उभे होते! इतकीं नांवें दारोदार जाऊन कोणीं वाचावीं? आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय कायद्यानें केलेला आहे. १९९६ सालींच अनामत रक्कम पुष्कळ वाढविण्यांत आली, व मान्यताप्राप्त पक्षांच्या बाहेरील उमेदवारास एकाऐवजीं दहा प्रस्तावक आणण्याचें बंधन घातलें गेलें. आज लोकसभेसाठीं अनामत २५,००० रुपये आहे. अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस त्याच्या निम्मी. एक-षष्ठांशाहून अधिक मतें न पडल्यास ती बुडते. ही चाळण पार करून ज्याचें नांव मतदान-यंत्रावर चढलें, त्यास चाचणी घेणाऱ्यानें आपली आणखी बारीक चाळण कां लावावी? कायद्यानें हा अधिकार त्यास दिलेला नाहीं.

दुसरा आक्षेप गणिताचा. ज्याच्यामागें शंभरांत दोनच मतदार, त्याचें माप हजारांच्या नमुन्यांत वीस माणसांवर येतें. वीस माणसांवरून काय ठरवावें? यास उत्तर असें कीं, लहान आंकडा अनिश्चित असतो, म्हणून तो अनिश्चित म्हणून छापावा. शून्य म्हणून छापूं नये. हजारांत वीस आढळले तर खरें प्रमाण बहुधा एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान आहे, इतकें आपण प्रामाणिकपणें सांगूं शकतों. विचारलेंच नाहीं तर मात्र कांहींच सांगतां येत नाहीं, आणि वाचक समजतो कीं, तेथें कांहीं नव्हतेंच.

तिसरा आक्षेप मानवी स्वभावाचा. लोक चाचणींत हौसेनें अपक्षाचें नांव घेतात आणि मतदानाच्या दिवशीं मोठ्या पक्षाकडे वळतात, असें म्हणतात. कांहीं अंशीं हें खरें असेल. पण असें कां होतें? ‘तुमचें मत वाया जाईल’ ही भीति त्यांस कोण घालतें? ज्या तक्त्यांत त्यांच्या उमेदवाराचें नांवच नसतें, तो तक्ताच ही भीति घालतो. येथें चाचणी थर्मामीटर न राहतां औषध होते. ताप मोजतां मोजतां तो चढवूं वा उतरवूं लागते. अमेरिकेंत याचें ठळक उदाहरण घडलें. तेथें २००० सालापासून अध्यक्षपदाच्या जाहीर वादविवादांत बसावयास पांच राष्ट्रीय चाचण्यांत सरासरीनें निदान १५ टक्के पाठिंबा असावा, अशी अट ते वाद भरविणाऱ्या मंडळानें घातली. त्यापूर्वीं, १९९२ सालीं, रॉस पेरो या अपक्षास वादविवादांत स्थान मिळालें होतें व त्यांस जवळजवळ १९ टक्के मतें पडलीं. वाद सुरू होण्यापूर्वीं चाचण्यांत त्यांचा आंकडा १५ च्या खालींच होता. नवी अट तेव्हां असती तर ते बाहेरच राहिले असते. चाचणींत नांव नाहीं म्हणून व्यासपीठ नाहीं, आणि व्यासपीठ नाहीं म्हणून चाचणींत नांव नाहीं, असें हें दुष्टचक्र होय. आपल्याकडेहि आकाशवाणी व दूरदर्शन यांवर प्रचारासाठीं दिला जाणारा वेळ मान्यताप्राप्त पक्षांसच मिळतो. अपक्षास ती वाट आधींच बंद. चाचणीनें उरलेली खिडकी तरी बंद करूं नये.

उपनगरांपुरतें बोलावयाचें तर यांत कोणाचें काय जातें? वेसाव्याचे व गोराईचे कोळी, मरोळसारख्या जुन्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबें, आरेच्या पाड्यांवरील आदिवासी यांची संख्या सबंध मतदारसंघाच्या मानानें थोडी. त्यांच्या होड्यांचा, घरांचा, जमिनींचा प्रश्न मोठ्या सभांच्या घोषणांत क्वचित् बसतो. असा समाज कधीं आपला उमेदवार उभा करतो तो जिंकण्याच्या आशेनें नव्हे, तर आपली मोजदाद व्हावी म्हणून. मोजणाऱ्यानेंच त्यास ‘इतर’ म्हटलें, तर त्याचा हेतु मुळांतच खुंटतो. मंदिराच्या भांडारांत श्रीमंतांचीं मोठीं दानें पडत असतां गरीब विधवेच्या दोन नाण्यांकडे ज्या गुरूनें शिष्यांचें लक्ष वेधलें, त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळांतून तरी लहान आंकडा उपेक्षेचा नव्हे, हें शिकविलें जावें.

मग योग्य रीत कोणती? ती शोधण्यास दूर जावयास नको, मतदान-यंत्राकडेच पाहावें. यंत्रावर प्रथम मान्यताप्राप्त पक्षांचे, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष उमेदवार येतात. प्रत्येक गटांत नांवें वर्णानुक्रमानें. शेवटीं २०१३ पासून ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’. दिल्लीच्या उपर्युक्त संस्थेचे अभ्यासक मतदारास लुटुपुटीची मतपत्रिका देऊन, खूण करून पेटींत टाकावयास सांगतात. त्यामुळें शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तोंडानें नांव घेण्याचा संकोचहि टळतो. मतदारसंघनिहाय चाचणी घेणाऱ्या प्रत्येकानें हीच रीत धरावी, व पत्रिकेवर खऱ्या यंत्राप्रमाणें सर्व नांवें चिन्हांसह छापावीं. चिन्हांचें महत्त्व लहान नाहीं. २०२४ सालीं दिंडोरी मतदारसंघांत एका अपक्षास एक लाखावर मतें पडलीं. त्याचें तुतारीचें चिन्ह आपल्या ‘तुतारी वाजविणारा माणूस’ या चिन्हाशीं मिळतें असल्यानें मतदारांचा घोटाळा झाला, असें राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचें म्हणणें होतें. साताऱ्यांतहि तशाच चिन्हाच्या अपक्षास सुमारें ३७ हजार मतें गेलीं व त्या पक्षाचा उमेदवार सुमारें ३३ हजारांनीं हरला. केवळ मोठ्या पक्षांचीं नांवें विचारणाऱ्या चाचणीस असा घोटाळा दिसावा कसा?

उमेदवारांची यादी पक्की होण्यापूर्वीं चाचणी घ्यावयाची असेल, तर प्रथम एकहि नांव न सुचवितां मतदारास मोकळेपणानें बोलूं द्यावें. बोरिवलींत २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत माजी खासदार श्री. गोपाळ शेट्टी यांनीं अपक्ष अर्ज भरला होता व अर्ज मागें घेण्याच्या शेवटच्या दिवशीं, ४ नोव्हेंबर रोजीं, तो मागें घेतला. त्या दिवसापर्यंत लढतीचें चित्र कोणासच ठाऊक नव्हतें. अशा वेळीं आधींच ठरविलेलीं दोन नांवें पुढें करणें म्हणजे उत्तर शिकवून मग परीक्षा घेणें होय.

निकाल छापतांना ज्यास दोन टक्के वा अधिक पाठिंबा आढळेल, त्याचें नांव स्वतंत्र द्यावें. उरलेल्यांची बेरीज ‘इतर’ म्हणून देण्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्या सदरांत किती उमेदवार आहेत व चुकीची मर्यादा किती, हेंहि लिहावें. सर्वांस विचारावें म्हणजे सर्वांस समान जागा द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रश्नांत समता असावी, उत्तरांत सत्य असावें. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें मतदान संपण्यापूर्वींच्या अठ्ठेचाळीस तासांत दूरचित्रवाणीसारख्या साधनांतून जनमत-चाचण्या दाखविण्यास, व मतदान चालूं असतां मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणजे चाचणी केव्हां दाखवावी हें कायदा सांगतो. कोणाचें नांव विचारावें हें तो सांगत नाहीं. तें काम चाचणी घेणाऱ्याच्या सचोटीवर व वाचणाऱ्याच्या सावधपणावर सोपविलेलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, यांतील दुसरा भाग तुमचा आहे. यापुढें असा तक्ता दृष्टीस पडला, तर चार प्रश्न विचारा: किती लोकांस विचारलें? ते कसे निवडले? मतपत्रिकेवरील सर्व नांवें त्यांच्यापुढें ठेवलीं होतीं काय? आणि ‘इतर’ म्हणजे कोण? पुढील वर्षीं वर्गप्रमुखाची निवडणूक होईल, तेव्हां हा प्रयोग स्वतः करून पाहा. अर्ध्या वर्गास दोनच नांवें सांगून कल विचारा, अर्ध्या वर्गास सर्व नांवांची पत्रिका द्या, आणि दोन्ही आंकडे प्रत्यक्ष निकालाशीं ताडून पाहा. गणिताच्या तासाला याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं, आणि नागरिकशास्त्राच्या तासालाहि नाहीं. मतदान-केंद्रांतील यंत्रावर प्रत्येक उमेदवाराचें बटण सारख्याच आकाराचें असतें. त्या यंत्राइतका न्याय चाचणीच्या कागदावरहि मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.